मडगार्डावरचे दोन आरसे

पुलाचा चढ संपला तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "भावजी, जरा दम खाऊ द्या की."

भावजी थांबले, पण मागे वळले नाहीत. कठड्याला हात टेकून खालच्या पाण्याकडे बघत राहिले. गाड्यांच्या तपासणीच्या आवारातून निघून दोघांना तासभर तरी झाला होता. तेवढ्या वेळात मागून दोन बस येऊन गेल्या. पहिलीला वहिनींनी हात केला, ती थांबली, दारही उघडलं, आणि हा बाबा आपला मान खाली घालून पुढे चाललेला. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी ढिम्म. शेवटी वहिनींनीच ओशाळून 'जा तुम्ही' अशी खूण केली आणि पर्स काखेत मारून त्यांच्यामागे निघाल्या. अडुसष्ट वर्षांचा, कमरेने अधू झालेला माणूस. त्याला भर दुपारी एकटा सोडून बसमध्ये बसणं त्यांच्याने झालं नसतं. अजून जवळजवळ तेवढीच वाट बाकी होती.

गाडी नापास झाली होती. गाडी मास्तरांची, म्हणजे वहिनींच्या यजमानांची. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गाडी त्यांच्याही लग्नाच्या आधीची, गोल पाठीची, पुढे दोन फुगीर मडगार्डं आणि मधे उंच बॉनेट. अशा गाड्यांना बाहेर आरसे नसायचेच. आत एक छोटा आरसा, त्यात मागची काच दिसली तर दिसली. पण यंदापासून नियम निघाला की जुन्या गाड्यांनाही दोन्ही बाजूंना बाहेरचे आरसे हवेत, नाहीतर कागद रद्द. नापास झालेली गाडी आवारातच अडकते. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत न्यायची, दुरुस्त करायची आणि दहा दिवसांत परत दाखवायची. पुन्हा नापास झाली तर कायमची घरी.

वहिनींना हौसेखातर गाडी नको होती. सासूबाईंचा गुडघा वाकत नाही, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. या गाडीचं दार असं उघडतं की पाय सरळ ठेवूनच त्यांना आत सरकवता येतं. दुसऱ्या गाड्यांमध्ये एकदा बसवून बघितलं होतं. म्हातारी एवढी किंचाळली की रिक्षावालाच घाबरून गेला. मास्तरांनी चालवणं सोडलं तेव्हापासून गाडी भावजी चालवायचे, पण त्यांची कंबर धरली, म्हणून वहिनी त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. आणि आवाराच्या फाटकाशी भावजी म्हणाले होते, "मी आता ड्रिल हातात धरणार नाही, वहिनी. दुसरं कुणी बघा." एवढं बोलून चालायलाच लागले.

दुसरं कुणी म्हणजे कोण? या गाडीच्या पत्र्याला भावजींशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

"भावजी, पाणी घ्या." वहिनींनी पर्समधली बाटली काढली.

"तुम्ही घ्या आधी."

"मी घेतलंय. घ्या हो, मान काय ठेवताय माझा रस्त्यात."

त्यांनी दोन घोट घेतले आणि बाटलीचं झाकण दोनदा आवळून परत दिलं. कुठलीही गोष्ट हातात आली की ती नीट बसली आहे ना, हे बघायची त्यांची जन्मखोड.

भावजी म्हणजे सख्खे दीर नव्हेत, मास्तरांचे दोस्त. भावजींचा बाप पत्र्याच्या ट्रंका करायचा. दहाव्या वर्षी पोराला शाळेतून काढून त्याने शेजारी बसवलं. कडीचं एक भोक चुकलं तर आख्खी ट्रंक वाया, म्हणून भोकं बाप स्वतः पाडायचा. एकदा बाप जेवायला गेला असताना पोराने हौसेने एक भोक पाडलं, ते बोटभर खाली गेलं. बाप काही बोलला नाही. त्याने हातोडीच्या दांड्याने एकच फटका बोटांवर दिला. भावजींच्या उजव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही. पुढे ट्रंका कुणी घेईना, तेव्हा ते गाड्यांच्या कामात आले आणि त्यात त्यांचं नाव झालं. दारावर बोटाच्या पेराने टकटक करून सांगायचे, "इथे आत पाव किलो पुट्टी आहे. विकणाऱ्याला विचारा, गाडी विकतोय का भिंत." त्यामुळे गावात त्यांना टकटक म्हणत. समोर मात्र कुणाची हिंमत नव्हती. लग्न केलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायचे, "पत्र्याशी लागलंय. तोही रोज आवाज करतो."

मास्तरांशी गाठ पडली ती याच गाडीमुळे. मास्तरांनी ती एका मळ्यातून ओढून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तीन वर्षं दोघांनी सुट्टीच्या दिवशी ती उभी केली. मास्तरांना पाना कुठला आणि पक्कड कुठली हे कळायचं नाही. ते टॉर्च धरून उभे राहायचे आणि नद्यांची नावं सांगत बसायचे. वहिनी दोन डबे पाठवायच्या. दोनातला एक नेहमी न उघडता परत यायचा, कारण दोघं एकाच डब्यात जेवायचे. मास्तर सहा फुटांच्या वर. त्यांचे गुडघे चाकाला लागायचे, म्हणून भावजींनी सीटची पट्टी मागे वाढवली आणि तिला एक जास्तीची खाच पाडून दिली. ती मास्तरांची खाच.

उतारावरून दोघं चालू लागले. डाव्या हाताला लाकडाची वखार होती. करवतीचा आवाज चालू होता तोवर बोलणं शक्यच नव्हतं. वखार मागे पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "चूक माझीच आहे भावजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तुमची कशी?"

"त्या साहेबांनी मागे उभं राहून बोटं दाखवली, ती मला आरशात दिसायला नकोत का? मी आपलं अंदाजाने तीन म्हटलं."

"त्याने हातच वर केला नव्हता."

"नव्हता? मग विचारलं कशाला किती बोटं म्हणून?"

"तुमच्यासारख्यांना पकडायला," भावजी म्हणाले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढंच.

आरसे निवडायला दोघं मिळून गेले होते. जुन्या सुट्या भागांची गल्ली, एकाला लागून एक सात दुकानं. पहिल्या दुकानात मुलामा दिलेलं प्लास्टिक निघालं. भावजींनी नख लावलं आणि खाली ठेवलं. दुसरीकडे काच फुगीर होती. दुकानदार म्हणाला, "यात जास्त दिसतं काका." भावजी म्हणाले, "जास्त दिसतं, पण लांब दिसतं. ट्रक पाठीशी आला तरी चालवणाऱ्याला वाटेल अजून गावाबाहेर आहे." तिसऱ्या दुकानदाराने दोन सुरेख आरसे काढले, पण दोन्ही एकाच बाजूचे. दांडीचा बाक एकीकडेच. "लावून टाका हो, कोण बघतंय?" तो म्हणाला. "आरसा बघायलाच लावतात बाबा," भावजी म्हणाले, आणि वहिनींना दुकानातच हसू फुटलं. आवडलेला प्रत्येक आरसा ते खिडकीच्या गजांसमोर धरायचे. आत गज वाकडे दिसले की तो बाद. सहाव्या दुकानात जोडी मिळाली: गोल, आखूड दांडीची, पितळेवर मुलामा दिलेली. वहिनी म्हणाल्या, "दांडी जरा उंच हवी होती का?" भावजी म्हणाले, "उंच दांडी या गाडीला शोभत नाही. मास्तरांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, बगळा बसवलाय."

बसवायच्या दिवशी वहिनींना त्यांनी येऊ दिलं नाही. "पाहुण्यासारखं बसून काय करणार? संध्याकाळी या." संध्याकाळी त्या गेल्या, तेव्हा दोन्ही मडगार्डांवर आरसे चमकत होते. खाली काळं रबर, भोकाच्या कडेला प्रायमर, आतून रुंद वायसर, सगळं जिथल्या तिथे. वहिनींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सीटवर बसल्या. सीट चार खाचा पुढे ओढली, नेहमीची उशी घेतली, आरशात बघितलं. चालकाच्या बाजूच्या आरशाचा वरचा अर्धाच भाग दिसत होता, खालचा बॉनेटच्या फुगीर कडेआड. त्या अर्ध्यात आकाश आणि विजेची तार. पलीकडच्या आरशात छपराची कड.

आणि त्या काही बोलल्या नाहीत.

"का नाही बोललात?" भावजींनी आता विचारलं. चालता चालता, समोर बघत.

वहिनी जराशा अडखळल्या. "मला वाटलं, मलाच बघता येत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आरशात बघायची सवय लागायला महिने जातात. म्हटलं, भावजींनी बसवलंय ते काय चुकीचं असणार? आपल्याच डोळ्यांना वळण नाही. आठ दिवस मान उंच करून करून बघितलं. मान दुखायला लागली हो."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

"आणि गाडी चालवत होतात?"

"दवाखान्यापर्यंतच. हळूहळू."

भावजी रस्त्याच्या कडेला थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. वहिनी उभ्याच राहिल्या, मग त्याही एक पायरी खाली बसल्या. वाहनांची धूळ येत होती.

"तुम्ही उतरलात आणि मी आत बसलो," भावजी म्हणाले. "त्या आवारात. तर माझे गुडघे चाकाला लागले. तेव्हा कळलं मला. मी काम केलं तेव्हा लागले नव्हते."

"म्हणजे?"

"सीट मी मागे सारली होती. शेवटच्या खाचेत. आणि बुडाखाली दोन पोती घातली, दुमडून. माझी उंची कमी पडते म्हणून. पुट्टीच्या गोळ्यावर आरसा चिकटवायचा, आत येऊन बसायचं, बघायचं, परत बाहेर जाऊन बोटभर सरकवायचा. वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केलं असेल. दर वेळी पोती नीट करून बसलो. पाठ मागे टेकून, मान थोडी उजवीकडे. तो बसायचा तसा. मागचं फाटक स्वच्छ दिसायला लागलं, तेव्हा पंच ठोकून खूण केली आणि भोक पाडलं."

वहिनींना कळायला क्षणभर लागलं. मग त्या पदपथाच्या फटीतल्या गवताकडे बघत राहिल्या.

"एकदाही डोक्यात आलं नाही," भावजी म्हणाले, "की चालवणार तुम्ही आहात. अठ्ठावन्न वर्षं पत्रा बडवतोय. गिऱ्हाईक बसवल्याशिवाय मी सीटचा खिळासुद्धा ठोकत नाही. आणि मेलेल्या माणसाच्या मापाने भोकं पाडली."

"अहो, होतं असं. मी अजून दोन ताटं घेते कधी कधी."

"ताट परत ठेवता येतं."

"भोकही बुजवता येतं. तुम्हीच बुजवलीत की लोकांची."

"बुजवतो. झाळून, घासून, रंग देऊन. कळणारसुद्धा नाही कुणाला. प्रश्न तो नाही, वहिनी."

ते उजव्या हाताची वाकडी करंगळी डाव्या मुठीत धरून बसले. वहिनींना वाटलं, आता उठावं, घरी सासूबाई एकट्या आहेत, चार वाजता त्यांना औषध द्यायचंय. पण या माणसाला अजून काही सांगायचं आहे हे दिसत होतं, आणि अशा वेळी उठणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं झालं असतं.

"त्याने माझ्याकडे आरसा मागितला होता," भावजी म्हणाले.

"कुणी?"

"मास्तरांनी. शिंप्याचं झालं त्याच्या दोन महिने आधी."

शिंप्याचं म्हणजे काय ते वहिनींना सांगायला नको होतं. सहा वर्षांपूर्वी बाजाराच्या वळणावर मास्तरांनी गाडी पलीकडच्या बाजूला वळवली आणि शेजारून सायकलने जाणारा शिंपी त्यांना दिसलाच नाही. तो जगला, पण उजवा पाय घोट्यात कायमचा आखडला. पायमशीन चालवणारा माणूस. नंतर हातानेच टाके घालत बसायचा. मास्तर महिन्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन बसायचे. ते गेल्यावर वहिनी जातात. सगळ्यांना मास्तरांनी एकच सांगितलं होतं, "माझं लक्ष नव्हतं." त्यानंतर ते चाकामागे कधी बसले नाहीत.

"एक खोकं घेऊन आला होता वर्कशॉपात," भावजी सांगत होते. "आत एक आरसा. म्हणाला, पलीकडचं काही दिसत नाही रे, भीती वाटते, हा एवढा बसवून दे. दुकान भरलेलं होतं. तिघं-चौघं बसले होते. मी म्हटलं, या पत्र्याला मी भोक पाडणार नाही. भोक म्हणजे गंजाला आवतण. आरसा बघायचाय तर न्हाव्याकडे जा. सगळे हसले. तोही हसला. खोकं काखेत घालून गेला परत."

वहिनींनी मांडीवरची पर्स सरळ केली.

"दवाखान्यात शिंप्याच्या बायकोसमोर तो म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, उद्या सांगू. मग त्याने गाडी सोडली, ती मी चालवायला लागलो. तेव्हाही आरसे बसवता आले असते. पण बसवले असते तर कबूल केल्यासारखं झालं असतं ना. म्हणून पलीकडे वाकून वाकून चालवली. कंबर काय उगाच गेली का?"

आता वहिनींच्या डोळ्यांसमोर शिंपी नव्हता. स्वतःचं स्वयंपाकघर होतं. अपघातानंतरच्या वर्षांत मास्तर दूध उतू घालवायचे, चावी विसरायचे, आणि त्या फटकन म्हणायच्या, "तुमचं लक्ष असतं कुठे? एकाचा पाय घालवलात तेवढं पुरे नाही का?" एकदा नव्हे, कितीदा तरी. सासूबाईही म्हणायच्या, लेकाचं लक्षच नसायचं लहानपणापासून. आणि तो माणूस फडकं घेऊन ओटा पुसत राहायचा. एकदा तरी म्हणाला असता की मी आरसा मागितला होता. घरात, बायकोला, दार लावून तरी.

त्यांना भावजींचा राग आला. असा राग त्यांना पूर्वी फारसा आला नव्हता. त्यांनी पर्सचा बंद घट्ट धरला. देवा, तोंडातून काही जाऊ देऊ नको, असं त्या मनात म्हणाल्या. कारण तोंडातून जे गेलं असतं, ते त्या स्वतः चार वर्षं एका निरपराध माणसाला बोलल्या होत्या.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा कोरडा आला.

"तुम्ही डबा पाठवायचा बंद केला असता."

"केला असता."

"म्हणून."

रस्त्यापलीकडे कुणीतरी शटर वर केलं. दुपार कलायला लागली होती. वहिनी उठल्या, मागची धूळ झटकली. भावजींना उठायला जड गेलं. त्यांनी पायरीच्या कठड्याला धरलं. वहिनींनी हात दिला नाही. मग दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या, मागे आल्या आणि कोपराला धरून त्यांना उभं केलं.

पुढचा अर्धा तास दोघं चालत राहिले. शाळा आली, तिची लांब भिंत आली. भिंतीच्या सावलीत भावजी संथ चालत होते, आणि वहिनी पुढे जाऊन पुन्हा पुन्हा थांबत होत्या. राग गेला नव्हता. तरी औषधाची वेळ, गाडी ओढून आणायची कुणाकडून, दहा दिवसांतला आजचा एक गेला, हे सगळं डोक्यात चालूच होतं. माणूस रागावला म्हणून काही म्हातारीचा गुडघा वाकत नाही.

"मी दुसरं कुणी बघणार नाही," भिंत संपली तिथे त्या म्हणाल्या. "दुसरा येऊन त्या गाडीला अजून दोन भोकं पाडेल आणि ती तुमच्या भोकांपेक्षा वाईट असतील. तुम्हीच करायचं. मी उशी घेऊन येते आणि सकाळपासून सीटवर बसते. हलणार नाही. मला फाटक दिसेपर्यंत तुम्ही सरकवत राहा. दांडी बदलावी लागली तर बदला. बगळा तर बगळा."

भावजींनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही. वळणावर त्यांचं वर्कशॉप दिसत होतं, पत्र्याचं दार, त्यावर जुना रंग. ते तिथेच थांबले.

"उद्या गाडी ओढून आणतो," ते म्हणाले. "भोकं झाळून घेतो. तेवढं मला जमेल. पण नवीन भोक पाडायला हात उठायचा नाही, वहिनी. आवारात सांगितलं ते खरंच सांगितलं. पंच ठेवला की तो हसताना दिसेल मला, खोकं काखेत घेऊन."

"मग?"

त्यांनी खिशातून वर्कशॉपची चावी काढली, बघितली, परत खिशात ठेवली.

"ड्रिल हातात घ्यायच्या आधी मला त्या शिंप्याकडे घेऊन चला. तुम्हाला ओळखतात तिथे. मी एकटा गेलो तर दारातून परत येईन, सहा वर्षं येतोच आहे. तुम्ही काही बोलायचं नाही, माझी बाजू घ्यायची नाही. मी सांगेन त्याला. तुम्ही फक्त माझं सांगून होईपर्यंत तिथून उठू नका."